कागद शेवटी

माझा साडू मंगळवारी सकाळी गेला. दुपारी आम्ही स्मशानातून भांडुपच्या त्याच्या घरी परत आलो तेव्हा डायनिंग टेबलावर माझा कॉम्प्युटर होता. त्याच्या पेटीवरचा कागद काढायचा राहिला होता.

वस्तूवरचं वेष्टन न काढता अख्खा संसार करता येतो, असं मानणारा आणि तो तसा करून दाखवणारा माझ्या माहितीतला हा एकच माणूस. माझी मेहुणी शपथेवर सांगते की बोहल्यावर अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवाच्या चष्म्यावर दुकानाचं गोल लेबल होतं, आणि ते नखाने काढणं हे तिचं सासरचं पहिलं काम. फ्रिजच्या दारावरचा निळा पापुद्रा ऊन खाऊन पांढरा पडला, पण निघाला नाही. सोफ्यावरचं प्लास्टिक तर मे महिन्यात पाहुण्यांना असं धरून ठेवायचं की उठताना होणाऱ्या आवाजाने दोन्ही पक्ष ओशाळत. मोबाइलवर त्याने काचेवर काच चढवली होती. एक फोन घ्यायला तीनदा दाबावं लागे. तोवर समोरचा फोन ठेवून देई आणि हा म्हणे, ‘‘अर्जंट नव्हतं वाटतं.’’ सोसायटीला नवी लिफ्ट आली तेव्हा हा कमिटीवर होता. त्यामुळे लिफ्टमधल्या बटणांवरची पट्टी वर्षभर तशीच राहिली आणि लोक अंदाजाने एकमेकांच्या मजल्यांवर जाऊन आले. कोणी कुरकुर केली की त्याचं उत्तर ठरलेलं. तो मूळचा मालवणकडचा. ‘‘घाई कित्याक?’’

नोकरी मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात. आणखी काय सांगायचं?

अशा माणसाने एकदा माझ्या घरी कॉम्प्युटरची घरघर ऐकून त्याचं झाकण उघडलं आणि आत बघून तो हळहळला. ‘‘भावोजी, एवढं देखणं सामान आणि पत्र्याच्या डब्यात? कोणाला दिसणार?’’ त्याची बायको मला भावोजी म्हणते म्हणून हाही म्हणायचा. आरपार दिसणारी अ‍ॅक्रिलिकची पेटी मी स्वतः बनवून देतो, असं त्याने जाहीर केलं. सोफ्यावरच्या प्लास्टिकची आठवण करून द्यावी असं मला वाटलं होतं. पण तोवर माझा कॉम्प्युटर त्याच्या पिशवीत गेला होता.

आधी मेहुणीच्या पैठणीचा खोका कापून त्याने पुठ्ठ्याची पेटी केली. ती सर्वांगसुंदर झाली. फक्त वायर आत जायला जागा नव्हती. दुसरी पेटी मिठाईच्या खोक्यांची. तिला मुंग्या लागल्या. मग घाटकोपरला दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्या एकाकडून अ‍ॅक्रिलिक कापून आणलं. दोन्ही बाजूंना ओरखड्यांपासून जपणारा तपकिरी कागद चिकटवलेला. तो कागद पाहून साडूचा चेहरा असा उजळला, की मला तिथेच पुढचं कळायला हवं होतं.

जोडकाम डायनिंग टेबलावर चाललं, म्हणून घर खाली बसून जेवू लागलं. अ‍ॅक्रिलिक जोडायचं द्रव पाण्यासारखं पातळ असतं. कडेला सुईने सोडलं की ते फटीत धावतं, दोन्ही तुकडे जरा वितळवतं आणि एक करतं. वाऱ्याने धूळ बसू नये म्हणून त्याने पंखा बंद ठेवला होता. मेहुणी घाम पुसत म्हणाली, ‘‘कॉम्प्युटरला तीन पंखे, आणि आपल्याला एक नाही.’’ तो श्वास रोखून बसला होता, म्हणून वाद टळला.

पेटी झाली. आत कॉम्प्युटर बसला, चालूही झाला. आतले दिवे लागले हे कडेच्या फटीतल्या निळ्या रेघेवरून कळायचं, कारण बाहेरचा कागद तसाच होता. मी काढायला हात पुढे केला तर त्याने तो धरला. ‘‘कागद शेवटी.’’ शेवट पाडव्याचा ठरला. मग अक्षय तृतीयेचा. मग दसऱ्याचा. पेटी हलवायचीही नाही. सांधे लोणच्यासारखे मुरावे लागतात म्हणे. मेहुणीला टेबल हवं होतं, मला कॉम्प्युटर. दोघांनाही मिळेना. शेवटी मीच दर रविवारी घाटकोपरहून भांडुपला टाइप करायला जाऊ लागलो. मी लिहायचो हळू, तो शेजारी बसून निळी रेघ बघायचा. दुपारी सगळे जमिनीवर बसून सोलकढी प्यायचो. कागद काढायची घाई कोणालाच नव्हती, असं आता वाटतं.

दिवसकार्य झाल्यावर मेहुणी म्हणाली, ‘‘भावोजी, घेऊन जा आता तुमचं. टेबल मोकळं होईल. कागद तेवढा इथेच काढा, मला बघायचंय.’’

मी समोरच्या बाजूचा कोपरा नखाने उचलला. तो सहज सुटला. कोणीतरी आधी उघडून पुन्हा चिकटवला होता. बाकीचा कागद हळूहळू सोलत आलो. आत सगळं लख्ख होतं: पंखे, वायरींची नीट बांधलेली वेणी, निळा उजेड. फक्त त्या सैल कोपऱ्यात, सांध्याजवळ, एक डाग. मेहुणीने सवयीने ओढणीने पुसला. गेला नाही. आम्ही वाकून पाहिलं. ओल्या द्रवावर अंगठा टेकला होता आणि अ‍ॅक्रिलिकने तो रेघारेघांसकट ठेवून घेतला होता.

मेहुणी मग म्हणाली, ‘‘म्हणजे हे लपवत होते. एवढ्याशासाठी वर्षभर मला खाली बसवलं या माणसाने.’’ आणि हसायला लागली. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले आणि माझा हात दुसऱ्या बाजूच्या कागदाकडे जाताना पाहून म्हणाली, ‘‘राहू द्या, भावोजी. घाई कित्याक?’’ ती गिरगावची. हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते.

दसरा होऊन गेला. पेटीच्या एका बाजूचा कागद काढलेला आहे, बाकीच्यांचा नाही. कॉम्प्युटर भांडुपलाच आहे. रविवारी मी जातो. जेवायला आम्ही खाली बसतो.