जिप्सीच्या पोटाची हिरवी पट्टी

खरं सांगायचं तर असले अनुभव मी आजवर चुका काढण्यासाठीच वाचत आलो. मी शेतकी कॉलेजातून पदवी घेतलेला माणूस. गावात गाय आटली की लोक तिची दृष्ट काढायचे, मी कॅल्शियमची बाटली लावायचो. अंगात येणं, वाटेत दिसणं, मागून हाक मारणं... या सगळ्याला माझ्याकडे तयार उत्तरं होती. ही एक गोष्ट सोडून. पंचवीसेक वर्षं ती मी कुणाला नीट सांगितलेली नाही, कारण ती सांगताना माझीच मान खाली जाते.

साल सत्त्याण्णव असावं. बारामतीजवळ पिंपळीला रानातच आमची वस्ती. घराला पूर्वेकडे अंगण, अंगणात लिंबाचं झाड, पलीकडे लोखंडी गेट आणि उजव्या हाताला आठ जर्सी गायांचा गोठा. घरात मी, बायको सुमन आणि माझे वडील – आबा. आबा तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी गेलेले. रानाला कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. पण नजर तीच राहिली. दोनशे मेंढरांतलं एक कमी असलं तरी न मोजता सांगायचे, असं त्यांच्या बरोबरीचे म्हातारे म्हणायचे. त्या वेळी वय पंचाहत्तरीच्या पुढे असेल, पण गेटमधून येणारा माणूस कोण ते आमच्या आधी त्यांना कळायचं.

आणि चौथी जिप्सी. आमची अल्सेशियन कुत्री. दीड महिन्याची आणली होती ती विलासनंच. विलास म्हणजे माझा कॉलेजपासूनचा दोस्त, बारामतीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दोस्त म्हणजे किती... माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तोच नाचला होता.

जिप्सी चार वर्षांची असताना आजारी पडली. खाणं बंद, नुसतं पाणी पाणी. बारामतीतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "गर्भाच्या पिशवीत पू झालाय. आजच्या आज पिशवी काढायला लागेल." ऑपरेशनभर मी तिचे पाय धरले होते आणि विलास सलाइनची बाटली हातात उंच धरून दीड तास उभा होता. टाके घालून झाल्यावर डॉक्टर हात धूत म्हणाले, "एक लक्षात ठेवा. तीन महिने उडी नाही, जिना नाही, झटापट नाही. आतलं सगळं कच्चं आहे." आम्ही दोघांनीही मान डोलावली. दोघांनीही.

जिप्सी उठली, पण चिडकी झाली. दुधाच्या टेम्पोवाल्याची पॅंट फाडून पोटरीला दात लावले. मग विलासनंच सुचवलं, "अरे, लासुर्ण्याच्या पुढं इंदापूर रोडला एक मास्तर हाय. मिलिटरीत कुत्री शिकवायचा म्हणं. दोन महिनं ठीव तितं, आज्ञेत येईल." टाके काढून पंधरा दिवस झाले होते. मास्तरांना मी उडीचं बजावून सांगितलं. ते हसले. "बसणं, थांबणं, सोबत चालणं, एवढंच. पण एक अट – मधे भेटायला यायचं नाही. मालक दिसला की शिकलेलं सगळं विसरतं."

विलासच्या जीपमधून तिला सोडून आलो.

चौथ्या आठवड्यातला गुरुवार. भर दुपार. मी उसाला पाणी लावून घरी आलो तर आबा लिंबाखालच्या बाजेवरून म्हणाले, "जिप्सी आली हुती रं."

"कुठं?"

"गेटापाशी. आत न्हाय आली. उभी ऱ्हायली नि गेली."

लासुर्णं काही जवळ नाही. मी लगेच मास्तरांना फोन लावला. फोन आमच्याकडे त्याच वर्षी आला होता. ते म्हणाले, "इथंच आहे की, समोर बसलीय. एकदम फिट." मी आबांना तसं सांगितलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग एक दिवसाआड. दर वेळी दुपारी, दर वेळी गेटाच्या बाहेर. आणि तिसऱ्यांदा आबांनी एक गोष्ट सांगितली. "तिच्या पोटाला पट्टी बांधलीया. लुगड्याची. हिरवी, लाल काठाची."

"आबा, टाके कधीच काढलेत. पट्टी कशाला असंल?"

"ते मला काय ठावं? दिसलं ते सांगितलं."

आता माझं सांगतो. पुढच्याच आठवड्यात मी गोठ्यात शेण ओढत होतो. रवंथ करत बसलेल्या आठही गाया एकदम उठल्या. कान टवकारून सगळ्या गेटाकडे बघायला लागल्या. बाहेरून आबांचा आवाज आला, अगदी हळू – "आत ये की गं. भितीस का?" मी फावडं टाकून धावलो. गेटाशी कोणी नव्हतं. पण वास होता... टिंक्चर आयोडीनचा, दवाखान्यात येतो तसा, नाकात चढणारा. मला वाटलं, मनाचे खेळ. तेवढ्यात सुमन स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, कुणाला लागलंय का? औषधाचा वास कसला येतोय?" घरातली टिंक्चरची बाटली मी जाऊन बघितली. तळाला वाळून खडखडीत झाली होती.

त्याच संध्याकाळी विलास आला. नेहमीसारखा बाजेवर टेकला, सुमननं चहा दिला. मी म्हटलं, "आबांना रोज जिप्सी दिसतीय बघ."

आबांनी त्यालाही सांगितलं – गेट, दुपार, आणि ती हिरवी पट्टी लाल काठाची. विलासनं कप खाली ठेवला. चहा अर्धाच प्यायला होता. मला म्हणाला, "जरा बाहेर चल."

गेटाबाहेर गेल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "संजा, वाईट वाटून घेऊ नगंस. आबांचं वय झालंय. माझ्या चुलत्याचं असंच सुरू झालं हुतं. चांगल्या डॉक्टरला दाखव."

"एकदा लासुर्ण्याला जाऊन येऊ का?"

"जाऊन काय? मास्तर काय खोटं बोलतोय व्हय? मी परवाच बघून आलोय तिला. मस्त हाय."

आणि मी त्याचं ऐकलं. माझ्या बापापेक्षा त्याचं.

दुसऱ्या दिवशी आबांना माझ्या एम-एटी मोपेडवर बसवून बारामतीला नेलं. डॉक्टरांनी डोळे तपासले, बोटं मोजायला लावली, आज वार कोणता, नातवंडं किती, सगळं विचारलं. माझ्या दोन्ही बहिणींच्या पोरांची नावं आबांनी ओळीनं सांगितली. शाळेतल्या पोरासारखे ते स्टुलावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. डॉक्टर म्हणाले, "यांना काहीही झालेलं नाही. नजर तर तुमच्यापेक्षा चांगली आहे." येताना आबा गाडीवर माझ्या मागं बसले होते. कालव्याचा पूल आला तेव्हा म्हणाले, "माजं डोस्कं तपासून झालं. आता त्या मास्तरचं तपास."

मी तपासलं नाही. तीनेक आठवड्यांत दोन महिने भरणारच होते.

मास्तर स्वतः जीपमधून कुत्री घेऊन आले. विलास आला नाही, तापानं पडलाय म्हणाले. कुत्री खाली उतरली. तीच काळी पाठ, तेच तांबूस पाय. 'बस' म्हटलं की बसत होती, 'थांब' म्हटलं की थांबत होती. माझ्याकडे मात्र परक्या माणसासारखी बघत होती. मास्तर म्हणाले, "ट्रेनिंगनंतर आठ-पंधरा दिवस असंच होतं. अंगाला फार हात लावू नका, पोटाला तर नकोच."

आबांनी बाजेवरून एकदाच बघितलं. "ही कुणाची कुत्री?"

सुमन माझ्याकडे बघायला लागली. "मलाबी वेगळीच वाटतीय ओ." मी दोघांवर खेकसलो. इतका का चिडलो ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, माझ्याही मनात तेच आलं होतं आणि ते मला नको होतं.

रेबीजच्या इंजेक्शनची वेळ झाली होती. दोन दिवसांनी शेजाऱ्यांची जीप मागून घेतली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुई टोचली आणि म्हणाले, "बघू, आपली जखम कशी भरलीय." मी तोंड धरलं, त्यांनी तिला आडवी केली. पोटावरचे केस बोटांनी बाजूला सारत वरून खाली गेले, खालून वर आले. मग माझ्याकडे बघितलं.

"संजयराव, ही कोण?"

"जिप्सी की..."

"जिप्सीला मी इथून इथपर्यंत कापलंय. हिच्या पोटाला अजून ब्लेडसुद्धा लागलेलं नाही."

तिथून थेट विलासच्या दुकानात गेलो. तो मोटरचं वायंडिंग भरत बसला होता. मी कुत्रीला आत नेऊन त्याच्यासमोर बसवलं. त्याला ताप-बिप काही नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं, हातातली तार सोडली, आणि काही विचारायच्या आतच म्हणाला, "सांगतो."

मास्तरांच्या त्या कामात विलास भागीदार होता. मला हे माहीतच नव्हतं. कोणीतरी मोठे पाहुणे राखणीसाठी कुत्री बघायला येणार होते. सगळ्यांत देखणी जिप्सी. मास्तरांनी तिला भिंतीवरून उडी मारायला लावली – एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा ती पलीकडे पडली ती उठलीच नाही. आतले टाके सुटले होते. विलास तिथंच होता. त्यानंच तिला जीपमध्ये घातलं आणि इंदापूरला एका डॉक्टरकडे नेलं. तिथं पुन्हा टाके घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तो गुरुवार होता.

"तुला तोंड कसं दाखवायचं म्हणून..." तो म्हणाला. "मास्तर म्हणला, सोलापूरकडं अशीच एक कुत्री मिळतीया..."

मी एकच विचारलं. "पोटाला पट्टी कसली बांधली होती?"

त्यानं सोडलेली तार उचलून पुन्हा गुंडाळायला घेतली.

"विलास, कसली पट्टी?"

"डॉक्टरकडची कापसाची पट्टी रक्तानं भिजली. मग मास्तरच्या घरातलं जुनं लुगडं फाडलं. हिरवं."

"काठ?"

"लाल."

बाहेरून टेम्पोचे हॉर्न ऐकू येत होते. ती परकी कुत्री 'बस' म्हटल्यामुळे अजून तशीच बसली होती.

"तू हे आमच्या अंगणात बसून ऐकलंस," मी म्हणालो.

"म्हणून तर चहा तसाच ठेवला, संजा."

"आणि मग म्हणालास, आबांना डॉक्टरला दाखव."

जिप्सी मेली, ते एक वेळ मी गिळलं असतं. माणसाच्या हातून चूक होते. पण माझा बाप खरं बोलतोय हे या जगात फक्त त्याला आणि मास्तरला माहीत होतं, आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला त्याच बापाला वेडा ठरवायला लावलं. मी त्याला शिवी दिली नाही, हात उचलला नाही. कुत्रीला घेऊन बाहेर पडलो. विलासशी त्यानंतर मी बोललेलो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हाही नाही.

ती दुसरी कुत्री आमच्याकडेच राहिली. मास्तरांना परत द्यायला सुमन तयार झाली नाही. "तिनं काय केलंय? तिलाबी कुणीतरी फसवूनच आणली असंल," म्हणाली. तिचं नाव राणी ठेवलं.

मी नंतर बरंच शोधलं. आबा त्या महिन्यात माझ्याबरोबर डॉक्टरकडे गेले ते सोडलं तर वस्तीबाहेर पडले नव्हते. फोनला ते हात लावत नसत. लासुर्ण्याकडचं कोणी आमच्याकडे आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी ही गोष्ट लपवण्यातच त्या दोघांचा फायदा होता. गाया का उठल्या? वास सुमनलाही का आला? कशाचंच उत्तर मला मिळालं नाही. योगायोग म्हणावं तर लुगड्याच्या काठाच्या रंगापर्यंत योगायोग कसा जाईल?

आबांची मी माफी मागितली. त्यांनी हातानंच 'राहू दे' केलं. बरेच महिने मग तो विषय आम्ही काढला नाही. एकदा मात्र राहवलं नाही. कडब्याच्या पेंढ्या रचत होतो, ते खाली बसून पेंढ्या मोजत होते. मी विचारलं, "आबा, ती आयुष्यभर माझ्या मागं मागं फिरली. मग तुमच्याकडंच का आली? मला एकदाही का दिसली नाही?"

आबांनी मोजणं थांबवलं.

"माज्याकडं कुठं आली हुती?" ते म्हणाले. "तू गोठ्यातनं घरात, घरातनं रानात, तिच्या म्होरनंच ये-जा करायचास. ती तुज्याकडंच बघत उभी असायची."