बटणातला ढोल

देवळीकडच्या लग्नांत मी फोटो काढतो आणि एक डीजेवाला गाणी वाजवतो, म्हणून आमची नेहमीची गाठ. काहीही विचारलं की तो आधी समोरच्या वस्तूवर, टेबल असो की माझी बॅग, बोटांनी ठेका धरतो आणि मग उत्तर देतो. पूर्वी तो ताशा वाजवायचा आणि त्याचा मित्र ढोल. मग लोकांना डीजे हवा झाला, तेव्हा त्यानं सॅम्पलर घेतला. आवाज भरून ठेवायचे आणि बटणं दाबून वाजवायचे, असं ते यंत्र. शिकायला बसला त्या दिवशी पहिला आवाज त्यानं मित्राच्या ढोलाचाच भरला. मी तिथंच होतो.

"अजून जोरानं मार गा," तो म्हणत राहिला, आणि मित्र घामाघूम होऊन हसत हसत मारत राहिला.

पुढच्या मोसमापासून मित्राला कुणी बोलावलं नाही. ढोल तर बटणातच होता.

यंदा एका लग्नात तो मित्र पाहुणा म्हणून आला. तो दिसल्यापासून यानं ढोलाच्या बटणाला हातच लावला नाही. पोरं ओरडली, तर म्हणाला, "बिघडलं ते."

मित्र गर्दीतून वाट काढत पुढे आला. "माहा ढोल काऊन नाई वाजवून राह्यला? लाव नं!"

यानं बटण दाबलं. मित्र नाचायला लागला आणि भेटेल त्याला सांगू लागला, "हा माहा हात होय, बाप्पा!"

मी कॅमेरा उचलला, तसा हा मान खाली घालून म्हणाला, "त्याचाच काढजो, भाऊ. माहा नको."