माशांचा हवापालट

तळ्यावरच्या नोकरीतला एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागोमाग दुसरा येतो, आणि घरात ताटं मांडली तरी माझं तोंड थांबत नाही. मित्रमंडळी पोट धरून हसतात. "नाना, तो घोड्यांच्या डॉक्टरांचा सांगा!" अशी फर्माईशही होते. हसा बापडे! मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही येत नाही. अजूनही रागच येतो.

लढाईचे दिवस होते. धान्य रेशनवर, आणि जिकडे तिकडे 'अधिक पिकवा'चा घोशा. त्या घोशात सरकारनं भिंगारच्या कॅम्पापलीकडे चार तळी खणली. लष्कराच्या मेसला मासळी द्यायची आणि पिल्लं गावोगावच्या तळ्यांत सोडायची, अशी योजना. कलकत्त्याहून रेल्वेनं, मातीच्या हंड्यांतून, रोहू-कटल्याची पिल्लं आली. मुंबईला माशांचं शिक्षण घेतलेला मी तिथं असिस्टंट. माझ्यावर साहेब. साहेब शेतकी खात्यातले, सगळी उमर उसात गेलेली.

पहिल्याच उन्हाळ्यात माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. कल्ल्यांखाली जखमा, झडलेली शेपटी, पाणी भरून फुगलेली पोटं. मी धावत साहेबांकडे गेलो. "साहेब, हा जंतूंचा रोग आहे. एकाचा दुसऱ्याला लागतो."

साहेबांनी शांतपणे पाण्याकडे पाहिलं. "अहो, जो प्राणी दिवसरात्र आंघोळ करतो, त्याला कसले जंतू?"

झाला तपास!

* * *

वरचा कोणी अधिकारी येणार असला की आमच्याकडे एक सोहळा असे. आदल्या दिवशी तळ्यांतले मासे जाळ्यानं ओढून एका तळ्यात कोंबायचे. का, तर "पीक डोळ्यांत भरलं पाहिजे!" आता मासा म्हणजे काही उसाची मोळी नव्हे. जाळ्यात घासून त्याचे खवले निघतात आणि तिथूनच जंतू आत शिरतो. हे मी सांगून थकलो.

एकदा गोरा अधिकारी आला. काठावर उभा राहून म्हणाला, "हे मासे फारच लाल दिसतात."

"येस सर!" आमचे साहेब छाती काढून म्हणाले, "स्पेशल व्हरायटी!"

गोऱ्यानं मान डोलावली. जाताना त्या स्पेशल व्हरायटीची चौकशीही केली म्हणे. मी मागं उभा राहून दातओठ खात होतो.

* * *

मेसचं उरलंसुरलं अन्न तळ्यात ओतायची टूमही साहेबांचीच. भात, पावाचे तुकडे, तेलकट रस्सा, सगळं पाण्यात. पाण्याला असा वास सुटला की काठावर रुमाल लावून उभं राहावं लागे. मी भडकलो. "पाणी नासतंय साहेब! अशा पाण्यातच हा रोग फोफावतो!"

"तुमचं काळीज दगडाचं आहे," साहेब मला म्हणाले. "आजारी जिवाला खाऊ घालायचं नाही का?"

आणि त्यांनी दुसरं पातेलं ओतायला लावलं.

* * *

आता तो फर्माईशीचा किस्सा. मी फारच मागं लागलो, म्हणून साहेबांनी डॉक्टर बोलावले. कोणते? लष्कराच्या घोड्यांचे! ते बूट वाजवत आले, बादलीतल्या माशावर वाकले आणि सवयीनं त्यांनी विचारलं, "चंदी खातो का? लीद कशी आहे?"

"डॉक्टर, मासा आहे," मी म्हणालो.

"दिसतंय मला. तोंडाला सवय झालीय." मग जखमा नीट बघून ते म्हणाले, "घोडा असता तर पहिल्याच दिवशी वेगळा बांधला असता. पाण्याची बादलीसुद्धा वेगळी."

मला वाटलं, चला, कोणीतरी शहाणा भेटला! तेवढ्यात साहेब खो खो हसले. "अहो, वेगळा बांधायला ह्याला गळा कुठाय?"

डॉक्टर गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. त्यांना कशाला नावं ठेवू?

* * *

घरी वेगळीच तऱ्हा. आमचं घर भिक्षुकीचं. मुलगा सरकारी नोकरीत म्हणून आईला अभिमान, आणि कुठल्या खात्यात हे विचारलं की ती विषय बदलायची. रोज मेलेले मासे उपसून मी सुतकी चेहऱ्यानं घरी यायचो. एक दिवस आत्यानं पाटावरून उठवलंच मला.

"माशांसाठी झुरतोस ते झुर. पण एकदा सांगून टाक, सुतक किती दिवसांचं धरायचं?"

मी न जेवता उठलो. आत्याला वाटलं, तिचं बोलणं लागलं. मला लागलं होतं ते माशांचं!

* * *

चारातलं एक तळं मात्र मी या सगळ्या ओढाताणीतून वाचवलं होतं. चौथं. त्याचं जाळं वेगळं, बादल्या वेगळ्या, तिथं मेसचं पातेलं न्यायची कोणाची हिंमत नव्हती. तिथली पिल्लं अशी चपळ आणि चकचकीत की बघत राहावं. ती काष्टीच्या गंगूबाई भोईणीला कबूल केलेली होती.

गंगूबाईचा नवरा वारला तेव्हापासून काष्टीचं गावतळं तीच सांभाळी आणि बाजारात मासळी विके. अवर्षणात तळं आटलं, मासळी संपली. आता पाणी होतं, पण आत काही नव्हतं. दर काही दिवसांनी ती भिंगारला यायची आणि चौथ्या तळ्याच्या काठावर बसायची.

"भाऊसाहेब, लई येळ लावू नका," ती म्हणायची. "यंदा तळ्यात मासळी न्हाई पडली तर पंच तळं शिंगाड्याला देनार हायेत. मंग आमी काय खायाचं? चिखल?"

"आखाडात पिल्लं तुमच्या घागरीत घालतो," मी सांगितलं. चौथ्या तळ्यासाठी जाळं तिनंच विणून दिलं होतं.

* * *

साहेबांना छातीचं दुखणं होतं. त्या वर्षी ते पाचगणीला जाऊन राहिले आणि टुणटुणीत होऊन परतले. जो भेटेल त्याला एकच सांगत, "औषधानं काही होत नाही. हवापालट करा!"

त्याच आठवड्यात मला प्रवरेतल्या मासळीची पाहणी करायला संगमनेरला पाठवलं. परत आलो तर चौथ्या तळ्यात लाल चट्ट्यांचे मासे तरंगत होते. मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच तळ्यावर आलोय.

"साहेब, हे इथं कोणी टाकले?"

"मी हलवले," साहेब प्रसन्नपणे म्हणाले. "तिकडं खंगत होते बिचारे. तुमचं चौथं तळं हवेशीर, पाणी स्वच्छ. म्हटलं, जरा हवापालट होऊ दे!"

मी काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. नोकरी कशी टिकली हेच नवल! पंधरवड्यात चौथं तळं पांढऱ्या पोटांनी भरून गेलं. साहेब काठावर आले, हळहळले आणि म्हणाले, "हवा मानवली नाही."

* * *

गंगूबाई ठरल्याप्रमाणे घागर घेऊन आखाडात आली. मी तिला सगळं सांगितलं. पाचगणीपासून हवेपर्यंत. ती रडली नाही. पदर खोचून पाण्यात उतरली आणि तिनं मला विचारलं, "ह्यातलं जितं कंचं हाय?"

चट्टे उठलेले चार-दोन मासे अजून तोंड हलवत होते. ते तिनं घागरीत घेतले, वर तळ्याचं पाणी भरलं आणि बांध ओलांडून सरळ साहेबांच्या बंगल्याकडे निघाली. मी अडवलं नाही. मागोमाग गेलो.

बंगल्यापुढं सिमेंटचा हौद होता. त्यात बाईसाहेबांनी मुंबईहून आणलेले सोनेरी मासे. बाईसाहेब रोज स्वतःच्या हातानं त्यांना कणकेच्या गोळ्या घालत. गंगूबाईनं घागर हौदाच्या काठावर टेकवली आणि हाक दिली, "बाईसायेब, पावनं आन्ल्यात! हवापालटाला! चार दिस ठिवून घ्या!"

साहेब धोतर सावरत बाहेर धावले. मी त्यांना इतकं जोरात धावताना कधी पाहिलं नव्हतं.

"अगं थांब! ओतू नकोस! एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, एवढंसुद्धा कळत नाही तुला?"

गंगूबाईनं घागर तशीच कलती धरली आणि त्यांच्याकडे बघत विचारलं,

"व्हय? कवापासनं?"