दोन नाके आणि कोंबड्याचा पास

ताईचा फोन आला तेव्हा मी भद्रावतीच्या घरी मसाल्याचा डबा त्या आठवड्यात चौथ्यांदा पुसत होते. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती, शाळा बंद होत्या आणि मी शिक्षिका, म्हणजे शेजाऱ्यांच्या मते घरबसल्या पगार खाणारी. ताई एटापल्ली तालुक्यात नर्स आहे. म्हणाली, "आमची गाडी बंद पडली आहे. एका गावात तपासणीला जायचंय. तू तुझी घेऊन ये, पास मी पाठवते." बाहेर पडायला मिळतंय म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही.

रस्ता सांगते, कुणी जाणार असेल तर कामाला येईल. चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, मग एटापल्ली. आता जात असाल तर पहाटे निघा, कारण सूरजागडच्या खाणीचे ट्रक एकदा पुढे आले की त्यांची धूळ खात तासनतास मागे राहावं लागतं. पेट्रोल चंद्रपुरातच भरून घ्या. तेव्हा मात्र रस्ता रिकामा होता आणि पोटही. एरवी गोंडपिपरीला तर्रीपोहे मिळतात, मला बंद ठेल्याखाली झोपलेलं कुत्रं मिळालं. आलापल्लीचं सागवान लागलं की खिडक्या उघडा. मी मास्क काढून पोटभर श्वास घेतला आणि लगेच पुढच्या नाक्यावर हवालदाराच्या शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला घेऊन गावाजवळ पोचले. वाटेवर आडवा बांबू आणि 'प्रतिबंधित क्षेत्र' असा फलक. बांबूपाशी खुर्ची टाकून एक होमगार्ड बसलेला. तिथून वीस पावलांवर मोहाच्या पानांची दोरी, म्हणजे गावाचा स्वतःचा नाका. रोग फिरायला लागला की इकडची गावं देवाला विचारून वेस बांधतात. मग आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. दोरीपलीकडे पुजारी उभे होते.

"मी नाई बांधलं, बाई," ते म्हणाले. "देवानं बांधलं. रोग पायानं येते. पाय थांबले का रोग थांबते."

फलकावर हेच चौदा ओळींत लिहिलं होतं.

घोळ असा होता. आतल्या लोकांची तपासणी झाल्याशिवाय सरकार बांबू काढणार नव्हतं, आणि वेस सुटल्याशिवाय देव तपासणीवाल्यांना आत घेणार नव्हता. वेस सोडायला कोंबडा लागतो. गावातला चालत नाही, कारण तोही बांधलेल्या गावातलाच. बाजारातला हवा. बाजार सरकारने बंद केला होता.

आणि या दोन नाक्यांच्या भानगडीत सुनीता अडकली होती. सुनीता या गावची आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. औषधं आणायला तालुक्याला गेली त्याच दिवशी देवाने दोरी बांधली आणि सरकारने बांबू टाकला. नऊ दिवस ती बांबूबाहेरच्या अंगणवाडीत झोपत होती. तिची सहा वर्षांची पोरगी आजीबरोबर आत. रोज संध्याकाळी पोरगी दोरीपाशी यायची आणि मायलेकी वीस पावलांवरून बोलायच्या.

"सरकार म्हणते, तुझा रिपोर्ट येऊ दे. देव म्हणते, कोंबडा येऊ दे," सुनीता म्हणाली. "मले कोनीच ये नाई म्हणत." ती हसली, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. मला इतका संताप आला की गाडीचं दार मी उगाचच दोनदा आपटलं.

ताईने घड्याळ बघितलं आणि मला म्हणाली, "चल, कोंबडा आणू."

एटापल्लीतल्या सलीमभाईंचं कोंबड्यांचं दुकान बंद होतं, मागच्या दाराने विक्रीही बंद. "बेचूंगा नहीं, दंड लागते," ते म्हणाले. "कागद आणा, मंग सगळ्यात चांगला देतो. आपली मशीद बी दोन महिन्यांपासून बंद हाय. कोनाचा तर दरवाजा उघडू द्या."

कागदासाठी तिघंही तहसील कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी फॉर्म पुढे ओढला. "दवाखाना, लग्न, अंत्यविधी. तीनच कारणं हायेत. कोंबड्याले यातलं काय लागू पडते?"

सलीमभाईंनी पुढे वाकून फॉर्म बघितला. "साहेब, अंत्यविधीच लिवा न. खोटं तर नाई होत."

बाबूंनी गंभीरपणे 'अंत्यविधी' लिहिलं, शिक्का मारला आणि खाली छापलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवली: सोबत जास्तीत जास्त वीस व्यक्ती.

दुपारी आम्ही बांबूपाशी परतलो. होमगार्डने पास वाचला, कोंबड्याकडे बघितलं आणि तापमापक बंदूक त्याच्या डोक्यावर धरली. "म्याडम, याले तर एकशे सहा ताप हाय. ताप असला का आत सोडता येत नाई."

"कोंबड्यांचं अंग एवढंच गरम असतं," ताई म्हणाली.

"तसं लिहून द्या."

अठरा वर्षांच्या नोकरीत ताईने पहिल्यांदाच कोंबड्याला फिटनेस सर्टिफिकेट लिहून दिलं. कोंबड्याचा रस्ता पाच मिनिटांत मोकळा झाला. त्याच्याकडे बघत सुनीता बाजूला उभी होती, नऊ दिवसांपूर्वी नाकात काडी घालून घेतलेली आणि अजून रिपोर्ट न आलेली.

ताईने कोंबडा उचलला आणि सुनीताच्या हातात दिला.

"अन् ह्या कुठी चालल्या?" होमगार्ड उठला.

"अंत्यविधीला," ताई म्हणाली. "सोबत वीस चालतात. ही पहिली, मी दुसरी. पास वाच."

त्याने पास दोनदा वाचला. मग बांबू वर केला. मला वाटतं, त्यालाही नऊ दिवस तेच हवं होतं, फक्त कागद मिळत नव्हता.

दोरीपाशी पुजाऱ्यांनी सुनीताला नखशिखांत न्याहाळलं. मी बांबूबाहेरून बघत होते. "ज्याच्या हातानं कोंबडा येते," ते म्हणाले, "त्याचा पाय पहिला." त्यांनी माती शिंपडली, माडिया बोलीत काहीतरी पुटपुटले आणि दोरी सोडली. आधी सुनीता आत गेली, मग ताई.

पोरगी धावत आली. सुनीताने कोंबडा पुजाऱ्यांकडे दिला आणि हात पसरले. पोरगी सहा फुटांवर गचकन थांबली. साबणाने हात धुवा, अंतर ठेवा, हे घरोघरी जाऊन गावाला शिकवलं होतं सुनीतानेच. पोरगी वळली, घरातून तांब्या आणि साबण घेऊन आली आणि लांबूनच आईच्या हातावर पाणी ओतू लागली. सुनीता हात धूत होती आणि हुंदके देत होती. वीस सेकंद पोरीने मोठ्याने मोजले. मग झेप घेतली.

भद्रावतीला परतल्यावर माझ्या हातावर विलगीकरणाचा शिक्का बसला आणि मी चौदा दिवस मागच्या खोलीत गेले. देव आणि सरकार, दोघंही एकाच गावाला जपत होते, यात मला शंका नाही. पण आपल्या बांबूपुढे किंवा दोरीपुढे वीस पावलं चालून बघायला कुणीच गेलं नव्हतं. ते आठवलं की अजून डोकं तापतं.

दहाव्या दिवशी सुनीताचा फोन आला. गाव बरं होतं, बांबूही निघाला होता. पोरगी कशी आहे विचारलं.

"बरी हाय, ताई," ती म्हणाली. "पन मी ड्युटीवर निघाली का माही चप्पल लपवून ठेवते. मंग विचारते, माय, परत येतानाचं दोघायलेबी विचारून ठेवलं का?"

मी विचारलं, तू काय सांगतेस?

"हो म्हनतो. काय सांगू दुसरं?"