सहा फूट चार इंच आणि एक इटालियन

जुन्या गाडीचं इंजिन खोलून परत बसवलं की ट्रेमध्ये चार नट उरतातच. गाडी चालते, पण ते नट फेकवतही नाहीत. आमच्या रविवारच्या टोळक्याचे किस्से असेच उरलेत. एक सांगायला जावं तर तीन खाली गडगडतात. तेव्हा आज मी सगळा ट्रेच उलटा करतो, नाहीतर मला चैन पडायचं नाही!

टोळकं म्हणजे चार माणसं. शिंदे की छावनीत मुन्ना मिस्त्रीचं गॅरेज, दर रविवारी सकाळी तिथे हजेरी. एक जाधव, त्याच्याकडे आजोबांच्या वेळची जीप आणि आजोबांच्याच वेळचा आवाज. एक मी, उंची पाच फूट तीन इंच, माझ्याकडे स्कूटर आहे आणि मी तिच्यावर खूश आहे. एक मुन्ना. आणि चौथा विश्वास पाटणकर. उंची सहा फूट चार इंच, वय सत्तावन्न, इच्छा एकच. जुनी, दोन सीटची, जमिनीला चिकटून पळणारी इटालियन स्पोर्ट्स कार!

आता ह्या गाड्या ज्यांनी बनवल्या त्यांचे हात म्हणे लांब असतात आणि पाय आखूड. विश्वासचं सगळंच लांब. पण हे त्याला सांगणार कोण?

पहिली गाडी दिल्लीत पाहिली. मालक चहा सांगायला आत गेला तेवढ्यात विश्वास आत बसला. बसला म्हणजे आधी डोकं घातलं, मग एक पाय, मग थोडा वेळ काहीच नाही, मग उरलेला विश्वास. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले, मान छताखाली वाकडी. "मस्त आहे!" तो आतून म्हणाला.

मग बाहेर येईना! जाधवने हात ओढला, मी पाय ओढला. शेवटी त्याने दोन्ही तळवे रस्त्यावर टेकले आणि रांगत बाहेर आला. मालक चहाचा ट्रे घेऊन बघतच उभा.

"गाडी जरा छोटी आहे," विश्वास कपडे झटकत म्हणाला.

मुन्नाने शांतपणे कप उचलला. "साब, गाड़ी छोटी नहीं है. आप ज़्यादा हो!"

पण गडी मागे हटणारा नव्हता. "सवयीचा प्रश्न आहे यार," म्हणाला, आणि हरिशंकरपुरमच्या घरी प्रॅक्टिस सुरू केली. बैठकीच्या खोलीत जमिनीवर सतरंजीची घडी, ती सीट. समोर उलटी टोपली, तिला टेकवलेली स्टीलची थाळी, ते स्टिअरिंग. आणि डोक्यावर, दोन कपाटांमध्ये आडवा टाकलेला इस्त्रीचा बोर्ड, ते छत. रोज सकाळी अर्धा तास तो तिथे मान वाकडी करून बसायचा आणि तोंडाने गिअर टाकायचा.

एका सकाळी विश्वासच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. अकराला येणार म्हणाले आणि पावणेदहालाच आले. दार उघडंच होतं. मुलाचे वडील आत आले, तर होणारे व्याही इस्त्रीच्या बोर्डाखाली थाळी फिरवताहेत!

वडील दोन पावलं मागे सरकले. सुनंदावहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. वडिलांनी हळूच विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"लग्नाच्या आधीपासून!" वहिनी म्हणाल्या. "मला पण कोणी सांगितलं नव्हतं."

लग्न जमलं, हे सांगून टाकतो. मुलगा जुन्या मोटरसायकलींवर जीव टाकणारा निघाला.

बुटांचं तर विचारूच नका. विश्वासला बारा नंबरचा बूट लागतो. ह्या गाड्यांचे पेडल इतके जवळजवळ असतात की त्याने ब्रेक दाबला की ॲक्सिलरेटरही दबतो. आग्र्याला एक गाडी चालवून पाहायला दिली, तेव्हा हा थांबायचा प्रयत्न करून राहिला होता आणि गाडी जास्तच पळून राहिली होती! मी शेजारी बसलो होतो. मारुतीस्तोत्र मला अजून पूर्ण पाठ आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मुन्नाने उपाय सांगितला: निमुळती, पातळ तळव्याची मोजडी. गेलो आम्ही खासगी बाजार नावाच्या पेठेत. विश्वासने कारागिरापुढे वहीचा कागद ठेवला, त्यावर पेडलचं माप काढलेलं. कारागीर म्हाताऱ्याने कागद पाहिला, पाय पाहिला, परत कागद पाहिला.

"दूल्हा कौन है?"

"मैं ही हूँ," विश्वास म्हणाला. त्याला बोलणं लांबवायचं नव्हतं.

म्हाताऱ्याने त्याच्या पांढऱ्या केसांकडे नजर टाकली आणि माप लिहून घेतलं. "मुबारक हो. ठहरना, भागना मत. इस जूती में भाग नहीं पाओगे."

मग जयपूरची गाडी. ही उघडी होती, छतच नाही! विश्वास आदल्या रात्री झोपला नाही, पहाटे पाचपासून आम्हाला फोन. तिथे पोचलो, हा बसला, आणि डोकं आरामात वर. पण समोरच्या काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांसमोर! खाली वाकलं तर रस्ता दिसायचा, ताठ बसलं तर आकाश दिसायचं. दोन्ही एकदम दिसायची सोय नव्हती. एक चक्कर मारून आला तेव्हा कपाळावर चिलटं चिकटलेली.

"जरा तू बसून बघ," मला म्हणाला.

मी बसलो. पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर, नजर काचेच्या बरोब्बर मध्यावर. मालक टाळ्या वाजवायला लागला. "अरे वाह! ये तो आप ही के लिए बनी है!"

परतीच्या वाटेवर विश्वास माझ्याशी एक शब्द बोलला नाही. भरतपूर गेलं. धौलपूर आलं. चहाला थांबलो तेव्हा त्याचा बांध फुटला. "तुला गाड्यांची आवडपण नाही, पद्या! आणि देव तुला बसवून राहिलाय!"

मला त्याचं वाईट वाटलं, खरं सांगतो. उंची अशी देता-घेता आली असती तर त्या टपरीवर अर्धा फूट त्याच्याकडून काढून घेतली असती.

कारण तोपर्यंत गुडघ्याचं प्रकरण सुरू झालं होतं. उजवा गुडघा सुजायचा. मी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दुखतं कुठे, कधी दुखतं, हे सगळं डॉक्टर विचारताहेत आणि ह्याचा एकच प्रश्न: "गुडघा अजून किती वाकेल?"

"कशासाठी वाकवायचाय?"

विश्वासने खिशातून गाडीचा फोटो काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, फोटो जवळ घेतला, लांब धरला. मग बेल दाबून बाहेर निरोप दिला की पुढचे पेशंट थांबतील. वीस मिनिटं दोघं इंजिनवर बोलत होते! बाहेर कुबड्या घेतलेली माणसं ताटकळली होती.

निघताना मात्र डॉक्टर गंभीर झाले. "पाटणकर, जे करायचं ते वर्षभरात करा. नंतर इतकं खाली मी तुम्हाला बसू देणार नाही."

त्याच्या रोजच्या गाडीत बसलो तरी विश्वासने चावी फिरवली नाही. "वर्षभर म्हणजे किती रविवार, पद्या?" म्हणाला. त्या दिवसापासून त्याचं सगळंच घाईचं झालं, जेवतानाही उभा, फोनवर बोलतानाही फेऱ्या. आणि त्याच्या नादाने गॅरेजमध्ये आमच्यापैकीही कोणी खाली बसेना.

आता शेवटचा किस्सा. हा गेल्या हिवाळ्यातला.

विश्वासला हे वेड लागलं ते दहाव्या वर्षी, आणि ते लावलं आमच्याच गावातल्या मानेसाहेबांनी. त्यांनी दिल्लीहून कुठल्याशा दूतावासातली लाल इटालियन गाडी आणली होती. साहेब विश्वासहूनही उंच. संध्याकाळी ते आणि मानेकाकू गावातल्या लष्कर भागात फेरी मारायचे. उजवीकडे साहेब, एक कोपर खिडकीबाहेर, दुसरा हात मिशीवर. आम्ही पोरं फुटपाथवरून आ वासून बघायचो. दोन्ही हात मोकळे आणि गाडी वळतेय! साहेब गुडघ्यांनी स्टिअरिंग फिरवतात, असा आमच्या शाळेत निकाल लागला होता. एवढा उंच माणूस ह्या गाडीत बसतो आणि गुडघ्यांनी चालवतो, म्हणजे विश्वासलाही जमणार, हा त्याचा पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचा भरवसा.

साहेब वारल्यावर ती गाडी विकली गेली असं सगळे म्हणायचे. तर एका रविवारी जाधव धापा टाकत आला. गाडी आहे! काकूंच्याच गॅरेजात आहे! काकू मुलीकडे पुण्याला निघाल्यात आणि गाडी द्यायचीय. पण अट अशी की ट्रकवर चढवून कोणी नेणार नाही. जो स्वतः चालवत फाटकाबाहेर काढेल, त्याचीच. दिल्लीचे दोन जण ट्रक घेऊन आले आणि तसेच परत गेले.

त्याच दिवशी पोचलो. काकू ऐंशीला टेकलेल्या, माझ्याहून बुटक्या, अंगावर स्वेटर, पायात मोजे. त्यांनी स्वतःच कव्हर ओढलं. लाल रंग जरा उतरलेला, पण एक कण धूळ नाही.

विश्वास उजव्या दाराकडे गेला आणि थबकला. स्टिअरिंग डावीकडे! परदेशी गाडी, असणारच. तो फिरून डावीकडे आला, वाकला, सीट मागे सरकवायला गेला. सीट हलेना. मुन्ना टॉर्च घेऊन खाली शिरला.

"वेल्ड है, साब. पूरी आगे करके वेल्ड की है." मग हळू आवाजात, "अब्बा का टाँका है ये. मैं पहचानता हूँ."

विश्वासने तरी प्रयत्न केला. ह्या वेळी दुसरा पायसुद्धा आत जाईना. स्टिअरिंग आणि सीटमध्ये वीतभर जागा. तो बाहेर येऊन तसाच उभा राहिला, हात छतावर. एवढं उतरलेलं तोंड मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं.

"काकू," तो म्हणाला, "साहेब ह्यात कसे बसायचे?"

"तिकडे. उजवीकडे."

"मग चालवायचं कोण?"

काकूंनी पदर कमरेला खोचला, विश्वासला हाताने बाजूला केलं आणि आत बसल्या. पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर. पहिल्याच चावीला गाडी बोलली.

"बस तिकडे," त्यांनी विश्वासला सांगितलं.

तो बसला. गुडघे हनुवटीला लागले, कोपराला जागा नव्हती म्हणून ते खिडकीबाहेर आलं. काकूंनी एकदाच मागे पाहिलं आणि अरुंद फाटकातून गाडी रिव्हर्समध्ये एका दमात बाहेर काढली. आम्ही तिघं फाटकाशी धावलो. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मान वर केली आणि विश्वासला सलाम ठोकला. "वाह साब! क्या चलाते हो!"

अर्धा तास आम्ही फाटकात फेऱ्या मारत होतो. जाधव चार वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. मग आवाज आला, गाडी वळली, जिथून निघाली होती तिथेच येऊन थांबली.

विश्वास उतरला. काकू उतरल्या नाहीत. इंजिन बंद केलं तरी हात स्टिअरिंगवर तसेच. मग त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, दार उघडलं, माझा हात धरून बाहेर आल्या आणि पदर कमरेतून सोडवत म्हणाल्या,

"मुन्ना, अब वो टाँका काट दे."