निळी पट्टी

डानुटा नसती तर मी या देशात टिकले नसते. पोलंडची होती, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या सँडविच फॅक्टरीत माझ्या शेजारी उभी राहायची.

आजही कोशिंबिरीला काकडी चिरताना वास आला, की फॅक्टरीतला तो दिवस आठवतो. त्या थंडगार हॉलमध्ये ब्रेडवर काकडी लावताना एकदा दिसलं, माझा ग्लोव्ह फाटलाय आणि कापलेल्या बोटावरची निळी पट्टी नाहीये. खाण्यात पडली तर दिसावी म्हणून ती निळी असते. समोरून सँडविचेस सरकतच होती. बोलले तर काम जाणार, असं वाटलं. आठवीत शाळा सोडलेल्या मला दुसरं कोण घेणार? घरभाडं कुठून भरणार? मी बोट मुठीत लपवलं.

डानुटानं मूठ पाहिली. “पट्टी कुठंय?”

मला रडूच फुटलं. तिनं सरळ लाल बटण दाबून लाइन थांबवली.

“अगं, हे काय केलंस!”

“लपवलंस तर नोकरी जाते, वेडे. सांगितलंस तर नुसता बोनस जातो.”

पट्टी एका ट्रेमध्ये सापडली. लाइन थांबल्यामुळे बोनस मात्र सगळ्यांचाच गेला. बायका माझ्याकडे बघून धुसफुसत होत्या. ब्रेकमध्ये डानुटा हसून म्हणाली, “यंदा गावी आईला घर तापवायला कोळसा कमी. जरा कुडकुडेल म्हातारी.”

तेव्हा मला तिचा रागच आला होता. कुणी खाल्ली असती ती पट्टी, हे मनातही आलं नव्हतं. आता येतं.

डानुटा केव्हाच गावी परतली. एक दिवस मी तिच्याकडे जाणार आहे. तिच्या घरचा एका हिवाळ्याचा कोळसा मी भरणार आहे.