साहेबाच्या खिशातली चावी

साकीनाक्याच्या त्या कारखान्यातल्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या मी अजून विसरलेले नाही. सातवी शिकून मी पोलिसात शिपाई लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. बरंच पाहिलं. हे प्रकरण मात्र मनातून जात नाही.

कारखाना इमिटेशन दागिन्यांचा. सुपरवायझरचा ठाण्यात फोन आला, कामावरच्या मुलीने चोरी केली. तिच्या डब्यात कानातल्यांचा जोड सापडला होता. चौकशीत ती एकच बोले, "मी नाही घेतलं."

मी पाणी पुढे केलं. तिने आधी विचारलं, "मॅडम, इथे बाथरूम आहे ना?" हो म्हटल्यावर तांब्या रिकामा केला.

पंचनाम्याला गेले तेव्हा सुटायची वेळ झालेली. मे महिना, वर पत्रा, आणि बायकांच्या पाण्याच्या बाटल्या अजून भरलेल्याच. एका वयस्क मालवणी बाईला बाजूला घेतलं.

"तहान लागत नाही तुम्हाला?"

"पाणी कशाक पियाचा? मगे संडासाक जावचा लागता. संडासाक कुलूप, चावी त्या सुपरवायझराच्या खिशात. म्हणता, हात घाल नि काढ."

चोरीचा आळ येण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलीने सगळ्यांसमोर खिशात हात घालायला नकार दिला होता, हेही तिनेच सांगितलं.

"जबाब द्याल?"

"नोकरी जायत माझी."

मी सुपरवायझरला हाक मारली. "बाथरूमला जायचंय. चावी दे."

त्याने झटकन काढून हातात ठेवली. "घ्या ना मॅडम."

ती म्हातारी फटकन बोलली, "आज बरी हातात दिलंस रे! आमका खिसो दाखवतस!"

कोणीतरी हसली, आणि मग सगळ्या बोलू लागल्या. डब्यात जोड टाकताना त्याला एकीने पाहिलं होतं. चोरीची तक्रार खोटी निघाली, त्याच्यावर विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला. मालक भिंतीवरचा महिला तक्रार समितीचा बोर्ड दाखवत राहिला. समितीची अध्यक्ष त्याची बायको. तिला तिथे कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी उभं राहून संडासाचं कुलूप काढायला लावलं, आतून कडी बसवून घेतली.

पुढे त्या मुलीच्या घरी गेले. म्हटलं, "चोर नाहीस तू. कामावर जा. कुलूप काढलंय."

"आणि तो?"

"जामिनावर सुटलाय."

"कामावर आहे?"

मी खोटं बोलले नाही. "आहे."

तिने दार लावून घेतलं.

बोर्ड कोणीही लावतो. तक्रारीनंतर मालक कोणाला ठेवतो आणि कोण घरी बसतं, हे बाकीच्या बायका बघतात. त्यावरून पुढची बाई बोलायचं की गप्प बसायचं ते ठरवते.